थोरल्या रांजणाचा पहिला ग्लास

घोट जिभेला लागला आणि बालबिना जागच्या जागी थिजली.

व्हिनेगर! नवी वाईन म्हणून जराशी तुरट, जराशी आंबट, असलं काही नव्हे. चक्क व्हिनेगर. घशाखाली उतरेपर्यंत कानाच्या पाळ्या गरम झाल्या, डोळ्यांत पाणी आलं. तिने ग्लास उजेडाकडे धरून पाहिला. रंग काय सुरेख, गडद लाल, काठाला जांभळी झाक. यंदाच्या उन्हात द्राक्षं काळीभोर पिकली होती, तो सगळा रंग उतरला होता. आणि चव ही!

तिच्या शेजारी, थोरल्या रांजणाला पाठ टेकून, तिचा बाप झेफेरिनो छाती पुढे काढून उभा होता. आत्ताच, तिने घोट घ्यायच्या जरासं आधी, त्याने सगळ्या गावासमोर ह्याच रांजणातला पहिला ग्लास नाकाशी नेला होता. डोळे मिटले होते, वास ओढला होता, घोट तोंडात घोळवून गिळला होता. आणि मग दरवर्षीची आरोळी ठोकली होती, "बाळ-बाळंतीण खुशाल!" बाळ म्हणजे वाईन, बाळंतीण म्हणजे रांजण. पोरंटोरं ओरडली होती, टाळ्या पडल्या होत्या. दुसरा घोट घरच्या बाईचा, म्हणून बालबिनाने ग्लास तोंडाला लावला होता. आणि आता ती तिथे दगडासारखी उभी होती.

विदिगेइराच्या बाजूच्या ह्या गावांत वाईन मातीच्या रांजणात होते, माणसाहून उंच रांजणात. नोव्हेंबरातल्या संत मार्टिनच्या दिवसापर्यंत तिला कुणी हात लावत नाही. त्या दिवशी तोटी सोडायची, चेस्टनट भाजायचे, डुकराचं मांस परतायचं आणि प्यायचं. पण ह्या गावात एक जास्तीचा नेम होता. झेफेरिनोच्या थोरल्या रांजणाचा निकाल लागल्याशिवाय दुसरा कुणी आपल्या घरची तोटी सोडत नसे. आणि नंतर महिनाभर लोक आपापल्या वाईनने भरलेला जग हातात घेऊन त्याच्या स्वयंपाकघराच्या दाराशी यायचे. झेफेरिनो वास घेणार, घोट घेणार आणि सांगणार, ही ईस्टरपर्यंत टिकेल, ही नाताळच्या आत संपवा, ही सॅलडवर घाला. तो म्हणेल ते शेवटचं. बाकी त्याच्याकडे होतं तरी काय? चार तुकडे द्राक्षमळा, बापजाद्यांचे रांजण, एक दुखरा गुडघा, आणि हे नाक. गावात त्याला खुर्ची मिळायची ती ह्या नाकासाठी.

आणि ते नाक आता भर गर्दीत कापलं जाणार होतं. तिसरा ग्लास अमारो न्हाव्याच्या हातात गेलासुद्धा होता. अमारोच्या जिभेला हाड नाही हे तर पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. एकदा का तो बोलला की संध्याकाळपर्यंत शेजारच्या तीन गावांत बोभाटा.

बालबिनाने झेप घालून तोटीला हात घातला. "थांबा जरा, थांबा! ही तोटी नीट बसलेली नाही वाटतं..."

"अगं ए!" झेफेरिनो खेकसला. "शब्द पडल्यावर तोटी बंद करतात का? अपशकुन करतेस काय घरात?"

"बाबा, पण..."

"पण नाही नि बिण नाही. भर ग्लास. अमारो, बघतोस काय, पी!"

अमारो प्याला. बालबिना त्याच्या मिशांकडे डोळे फाडून बघत होती. मिशा थरथरल्या. गळ्याची घाटी वर गेली, वरच अडकली, आणि मग मोठ्या कष्टाने खाली आली.

"वा!" अमारो म्हणाला. "काका, वा! अशी भिनली अंगात!"

बालबिनाला वाटलं आपण चुकून दुसरंच काही ऐकलं. पाठोपाठ पाद्री लिनो प्याले. डोळे टिपत म्हणाले, "परमेश्वराची कृपा आहे हो. धूर मात्र फार झालाय आज." मग किराणावाली ग्रासिंदा प्यायली, मग गाणाऱ्या मंडळींतले पाच-सहा जण प्याले. कुणी मान डोलावली, कुणी बोटांची टोकं चुंबली. "अशी कित्येक वर्षांत झाली नाही," असं एकजण म्हणाला, आणि ते तर शब्दशः खरंच होतं.

तिने पुन्हा एक घोट घेतला. व्हिनेगरच! मग माझी जीभ गेली का? की सगळ्या गावाला एकदम वेड लागलं?

तशी बालबिना काही नाजूकसाजूक बाई नव्हे, की घोटभर आंबट प्यायली आणि घेरी आली. ह्याच रांजणांच्या गर्दीत ती रांगायला शिकली. दहाव्या वर्षी ती एवढीशी होती म्हणून तिला दोरीने रांजणात उतरवून आतून घासून घेत. बाहेर आली की केसांना महिनाभर रांजणाच्या आतल्या लेपाचा, राळेचा वास. पुढे लग्न झालं. नवरा फ्रान्सला गवंडीकामाला गेला आणि तिकडचाच झाला. रडत बसायला वेळ कुणाला होता? ती सेतुबलला गेली, सार्डिनच्या कारखान्यात उभ्याने मासे साफ करत जवानी काढली. कारखान्याला टाळं लागलं आणि आईचे गुडघे गेले, दोन्ही एकाच वर्षी. मग ती घरी आली, त्याला चार वर्षं झाली होती. आल्या दिवशी बापाने तिच्या हातात लाकडी दांडा दिला आणि म्हणाला, "विसरली नसशील ना?" ती विसरली नव्हती. सप्टेंबरच्या उन्हात रांजणात द्राक्षं आंबून उकळायला लागली की दिवसातून तीनदा शिडीवर चढून वर आलेली सालं त्या दांड्याने खाली दाबायची. नाहीतर सालांचा बूच बसतो आणि रांजण तोफेसारखा फुटतो. बाहेरून ओली पोती गुंडाळायची, पोती वाळली की पुन्हा भिजवायची. दंड पुरुषासारखे झाले होते तिचे. पण चव बघणं, निकाल देणं, हे तिचं काम नव्हतं. ते बाबांचं. तिला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं.

आई, दोरोतेया, ह्या फेब्रुवारीत गेली. छातीत थंडी बसली आणि आठवडाभरात आटोपलं. हा तिच्याशिवायचा पहिला संत मार्टिन. आईची सगळी कामं बालबिनाने बिनबोभाट उचलली होती. उकळणं संपल्यावर वाईनवर ऑलिव्हच्या तेलाचा थर ओतला, झाकण लावलं, कापड बांधलं. आज भल्या पहाटे, आई जायची तशीच, ओलं फडकं घेऊन एकटी रांजणघरात गेली. रांजण पुसले, तोटी गळत नाही ना ते पाहिलं, आणि बाहेर आली. पहिला ग्लास भरून बापाच्या हातात दिला. सगळं आई करायची तसंच. मग कुठे काय चुकलं?

दंडाला कुणीतरी कचकन धरलं. ग्रासिंदा. किराण्याची पोती उचलून उचलून त्या म्हातारीच्या पंजात अजून कुस्तीगिराची ताकद होती. तिने बालबिनाला ओढत मागच्या अंगणात आणलं, लिंबाच्या झाडाखाली उभं केलं आणि म्हणाली, "गिळ. आधी गिळ ते. आणि तोंड असं करू नकोस, मयतीला आल्यासारखं."

"मावशी, ती वाईन..."

"व्हिनेगर आहे. मला काय जीभ नाही?"

"मग तुम्ही सगळे वा वा काय करताय!"

"मग काय करू? पिचकारी मारू तुझ्या बापाच्या अंगावर?" ग्रासिंदाने कमरेवर हात ठेवले. "ते जाऊ दे. तू मला सांग, तू त्याला असा कसा दिलास?"

"काय दिलं?"

"ग्लास! उजव्या हाताने दिलास. मी ह्या डोळ्यांनी पाहिलं. उजव्या हाताने दिलास म्हणून तर तो बोलला बिचारा. डाव्याने द्यायचा होतास ना?"

बालबिनाला एक अक्षर कळलं नाही. "डाव्या हाताने कोण देतं कुणाला? मावशी, सकाळपासून घेतलीय का तुम्ही?"

ग्रासिंदाने बालबिनाच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा सगळा रंग उतरला. "अरे देवा," ती म्हणाली. "तुला ठाऊकच नाही."

"काय ठाऊक नाही?"

"बालबिना, तुझ्या बापाला वास येत नाही गं. चवही नाही. ऑलिव्ह झोडताना शिडीवरून पडला होता ना, डोक्यावर, तेव्हापासून."

बालबिना हसली. खरंच हसली, कारण दुसरं काय करावं सुचेना. ती सेतुबलला असतानाची गोष्ट. बाबा पडले म्हणून ती धावत आली होती, डोक्याला ही पट्टी, आणि बाबा बिछान्यात बसून म्हणाले होते, "काही झालं नाही, शिडी मोडली, मी नाही." आठ दिवस राहून ती परत गेली होती. ती गोष्ट होऊन कितीतरी वर्षं झाली. त्यानंतर बाबांनी शंभर जगांतल्या वाईनचे निकाल दिले असतील, आणि एक चुकला नव्हता.

"काहीतरीच बोलू नका. मग इतकी वर्षं सांगत कोण होतं?"

"कोण सांगणार? तुझी आई."

"माझी आई वाईनला शिवत नव्हती! डोकं दुखतं म्हणायची. दुसरा घोटसुद्धा नुसता ओठाला लावायची!"

"अगं, पहाटे पोटभर चाखून झालेली असायची तिची! तोटी गळते का बघायला जाते म्हणे. फडकं घेऊन." ग्रासिंदाचा आवाज एकदम मऊ झाला. "तुझ्या आईसारखी जीभ इथून नदीपर्यंत कुणाची नव्हती. चांगली असली की उजव्या हाताने द्यायची, बिघडली असली की डाव्या. जग घेऊन लोक यायचे ते कुठे? स्वयंपाकघराच्या दाराशी. ती आत न्यायची, ग्लासात ओतायची, आणि बाहेर आणून ह्याच्या हातात. पाद्रीबाबांची वाईन एकदा डाव्या हाताने आली. तर हा डोळे मिटून, एवढा मोठा श्वास ओढून म्हणतो काय, 'पाद्रीबाबा, ही सैतानाला पाजा, तो पुन्हा तुमच्या वाटेला जायचा नाही.' काय हसलो होतो आम्ही! नाटक मात्र एक नंबर करायचा."

बालबिनाने झाडाला हात टेकला. "हे तुम्हाला आईने सांगितलं?"

"दोरोतेयाने? जीव गेला तरी सांगितलं नसतं. आणि बघ, गेलाच. नाही सांगितलं." ग्रासिंदाने झटकन क्रुसाची खूण केली. "आम्हाला दिसलं, झालं. तो पडला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझ्या दुकानात मागे माशांची पेटी सडली होती. कुत्रं आत पाऊल टाकेना. आणि हा पेटीवर बसून मजेत पाव-चीज खातोय! तेव्हा मी ओळखलं. हातांची गंमत अमारोने पकडली. न्हावीच तो, त्याचं लक्ष हातांकडेच. मग हळूहळू सगळ्यांना कळलं."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"आणि कुणी बोललं नाही? अमारोसुद्धा?"

"कशाला बोलायचं? निकाल बरोबर लागत होता ना? कुणाच्या तोंडातून का येईना. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याला वाटे कुणाला ठाऊक नाही, तिला वाटे कुणाला ठाऊक नाही, आमचंही काही अडत नव्हतं."

"मला का नाही सांगितलंत कुणी!" बालबिना ओरडलीच. अंगणातल्या कोंबड्या पांगल्या. "चार वर्षं मी इथे आहे! रोज तुमच्या दुकानात येते, मीठ नेते, साबण नेते! एका माणसाला वाटू नये, हिच्या कानावर घालावं?"

"हळू बोल! अगं, तू त्यांची पोटची पोर. घरात राहतेस. आम्हाला वाटलं तुला ठाऊक असणारच, आणि तूही आमच्यासारखीच गप्प आहेस. आई तर जाताना सांगूनच गेली असेल, असंच आम्ही धरून चाललो. आज तू उजव्या हाताने दिलास, तेव्हा अमारो माझ्या कानात काय म्हणाला ठाऊक आहे? म्हणे, बरं झालं, पोरगी आईवर गेलीय."

आई जाताना सांगून गेली असेल! आईने जाताना काय नव्हतं सांगितलं? धाप लागत होती, तरी बोलत होती. लंगड्या कोंबडीला वेगळं दाणं घाल. ग्रासिंदाची पांढरी परात आपल्याकडे आहे, ती दे. बाबांना ती हिरवी बंडी घालून चर्चला जाऊ देऊ नकोस. मोरावळ्यासारखं ते लिंबाचं कसं मुरवायचं, ते तर दोनदा सांगितलं. बालबिना उशाशी बसून हो आई, हो आई करत होती. आणि हे नाही सांगितलं. एका छपराखाली इतकी वर्षं, शेजारी शेजारी उभं राहून भाजी चिरली, कपडे वाळत घातले, आणि हे नाही! राग यावा की रडू यावं तेच तिला कळेना.

मग तिने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. म्हणजे बाबांनी निकाल दिलाच नव्हता. निकाल हिने दिला होता. ह्या हाताने. काही न चाखता, काही न कळता, आणि बाबांनी डोळे मिटून तो घेतला होता. आता ह्या एका शब्दावर घरोघर तोट्या सुटतील, आणि उद्यापासून लोक जग घेऊन येतील. नाहीतर येणारच नाहीत. ते जास्त वाईट.

"मी सांगते सगळ्यांना," ती म्हणाली. "तेल मी ओतलं होतं. थर पातळ झाला असेल माझ्याकडून, हवा लागली असेल. वरची वाईन चांगली होती, तोटीजवळची तेवढी बिघडली, काहीतरी सांगते. माझ्या माथी घेते. बाबांचं नाव जाता कामा नये."

"वरची चांगली नि खालची वाईट? अगं, हे कोंबडीलासुद्धा पटणार नाही," ग्रासिंदा म्हणाली. पण तोवर बालबिना दारात पोचली होती.

आत एव्हाना गाणं सुरू व्हायला हवं होतं. पहिला रांजण उघडला की लोकांचे दुसरे, तिसरे ग्लास होतात, मग पुरुष खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि गातात. कुणीच गात नव्हतं. चेस्टनट परातीत गार होत होते. सगळे रांजणघराच्या मधोमध घोळका करून उभे होते, आणि बालबिनाला लगेच कळलं का ते. फरशी मध्याकडे उतरती असते आणि मधोमध जमिनीत एक कुंड पुरलेलं असतं, चुकून रांजण फुटलाच तर वाईन वाया जाऊ नये म्हणून. त्याला सगळे चोर म्हणतात. एकेक जण बोलता बोलता पाठ वळवत होता, आणि ग्लास हळूच चोराच्या तोंडात रिकामा करत होता.

झेफेरिनो जग घेऊन फिरत होता. "अमारो, आण ग्लास."

"नको काका. आज पोट जरा..."

"पोट? तुझं? पाद्रीबाबा, तुम्ही तरी?"

"दुपारी चर्चमध्ये मिस्सा सांगायचा आहे ना, झेफेरिनो."

"वाईनवाचून तुमचा मिस्सा कधीपासून व्हायला लागला?" झेफेरिनो हसला. बाकी कुणी हसलं नाही. तो पुढच्याकडे वळला, पुढच्याने ग्लास पाठीमागे धरला. त्याच्या पुढचा खिडकीकडे बघायला लागला. झेफेरिनोचं हसू जागच्या जागी राहिलं, नुसतं दातांवर. मग त्याची नजर खाली गेली. चोराच्या कुंडात लालभडक वाईन काठाच्या बोटभर खाली हलत होती.

नाक गेलं होतं, डोळे नव्हते गेले. जग त्याच्या हातात डुचमळला, थोडी वाईन बुटांवर सांडली.

"मंडळी, ऐका," बालबिना मोठ्याने म्हणाली. "चूक माझी आहे. तेलाचा थर मी..."

"बालबिना." बापाचा आवाज इतका बारीक होता की ती थांबली. तो तिच्याजवळ आला. "पहिला ग्लास तू मला कुठल्या हाताने दिलास?"

सगळ्यांनी ऐकलं.

"उजव्या, बाबा."

"मग?"

"मी चाखली नव्हती." आता खोटं बोलायला जीभ वळेना. "मला ठाऊक नव्हतं, बाबा."

"चाखली नव्हती?" तो तिच्याकडे बघत राहिला. "आणि तुझ्या आईने... ती तुला काहीच बोलली नाही?"

"नाही."

"काहीच नाही? मी तिला म्हटलं होतं गं. त्या शेवटच्या रविवारी, तू सूप आणायला गेली होतीस तेव्हा. म्हटलं, पोरीला सांगून ठेव, माझं काही खरं नाही तुझ्याशिवाय. ती म्हणाली, 'बघते.'"

त्याच्या तोंडून ते 'बघते' निघालं आणि दोघांनाही एकदमच कळलं. दोरोतेया बघते म्हणाली की ती गोष्ट कधी होत नसे. चुना लावायचा म्हटलं तर बघते, बहिणीला भेटायला जायचं म्हटलं तर बघते. मरता मरतासुद्धा तिने आपल्या नवऱ्याला पोरीसमोर कमी होऊ दिलं नव्हतं. झेफेरिनो जग छातीशी धरून लहान पोरासारखा रडायला लागला.

बालबिनाने त्याच्या हातातून जग काढून घेतला. "चला बाबा, आत चला."

"नाही." त्याने बाहीने तोंड पुसलं, डोक्यावरची टोपी काढली आणि लोकांकडे वळला. टोपी तो फक्त चर्चमध्ये आणि मयतीला काढायचा. "मंडळी," तो म्हणाला, "थोरला रांजण बिघडलाय. माझ्या शब्दावर कुणी काही ठरवू नका. मला वास येत नाही. चव कळत नाही. शिडीवरून पडलो तेव्हापासून. इतकी वर्षं तुमच्या वाईनला बरी-वाईट म्हटलं ते मी नाही म्हटलं, माझ्या बायकोने म्हटलं. मी नुसतं तोंड हलवलं. मी तुम्हाला सगळ्यांना फसवलं."

बालबिनाने पाहिलं, अमारो पाद्रीबाबांकडे बघतोय, पाद्रीबाबा ग्रासिंदाकडे, आणि ग्रासिंदा दारात उभी राहून फरशीकडे. आता हे म्हणणार, आम्हाला ठाऊक होतं काका. म्हणजे आईचा इतक्या वर्षांचा आटापिटा एका वाक्यात पाण्यात.

"काय सांगता काय, काका!" अमारो एकदम ओरडला.

बालबिनाने मान गर्रकन वळवली. अमारोने दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं. "वास येत नाही? तुम्हाला? शक्यच नाही!"

"अगं बाई!" ग्रासिंदाने छातीवर हात मारून घेतला. "दोरोतेया? आपली दोरोतेया? ती तर वाईनला शिवत नव्हती!"

"परमेश्वरा," पाद्री लिनो म्हणाले आणि क्रुसाची खूण केली. जरा सावकाशच केली, खोटं बोलल्याचं पाप लागू नये म्हणून असेल. "एवढी वर्षं! आणि आम्हाला कुणाला संशयसुद्धा आला नाही!"

मग एकच गलका झाला. मी तर चक्रावलो. माझा विश्वास बसत नाही. मला कुणीतरी धरा. गाणाऱ्यांतला एक धिप्पाड गडी धक्का बसला म्हणून बाकावर बसला, आणि बाक मोडका निघाल्याने खरोखरच आदळला. असं भिकार नाटक त्या गावात आजवर झालं नव्हतं. एकालाही अभिनय येत नव्हता. आणि बालबिना मात्र, सकाळपासून जिला धक्क्यावर धक्के बसत होते ती, तोंड उघडं टाकून त्यांच्याकडे बघत होती. ह्या माणसांच्या दुकानात ती रोज मीठ आणायला जात होती, आणि तिला ही माणसं आज पहिल्यांदा दिसत होती.

झेफेरिनो एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत गेला. डोळ्यांतलं पाणी अजून वाहत होतं, पण पाठ हळूहळू ताठ होत होती.

"कुणालाच कळलं नव्हतं?" त्याने विचारलं.

"कळणार कसं, काका? छे, नाव काढू नका!"

"अमारो, तुलाही नाही? खरं सांग."

"आईशप्पथ नाही!" अमारो म्हणाला. त्याची आई त्याच्या मागेच उभी होती, ती काही बोलली नाही.

मग झेफेरिनो बालबिनाकडे वळला. "आणि तुला?"

"नाही, बाबा," ती म्हणाली. तिला एकटीला काही खोटं बोलावं लागत नव्हतं, आणि रडू आवरत नव्हतं. "मला खरंच ठाऊक नव्हतं."

झेफेरिनोने टोपी झटकली, डोक्यावर घातली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाला, "बघितलंत? चार वर्षं पोर घरात होती. पोटच्या पोरीला पत्ता लागू दिला नाही तिने! अशी होती माझी दोरोतेया."